शैलीपत्रकातील लाघव : भंडारा जिल्ह्याच्या एका पृष्ठाच्या अनुषंगाने

१. विषयप्रवेश

थोडक्या शब्दांत पुष्कळ सांगण्याची कला भारतीय शास्त्रकारांनी पराकोटीला नेली होती. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचे व्याकरण बसविले. मराठीतही महानुभाव पंथीयांनी चक्रधरांची वचने सूत्रपाठाच्या रूपाने संकलित केली. या ग्रंथांतील संक्षेपाला शास्त्रकार ‘लाघव’ म्हणतात. लाघव म्हणजे नुसता आखूडपणा नव्हे. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगावी लागू नये, सामान्य नियम एके ठिकाणी असावा, अपवाद त्याच्या जागी असावा आणि दोहोंचा संबंध नि:संदिग्ध असावा, असा त्याचा अर्थ आहे.

आज हाच प्रश्न एका अगदी निराळ्या क्षेत्रात उभा राहिला आहे. संगणकाच्या वा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणाऱ्या वेबपृष्ठाला रूप देणारी जी नियमावली असते, तिला शैलीपत्रक अथवा स्टाइलशीट म्हणतात. अक्षरांचा आकार, ओळींतील अंतर, रंग, समास, चौकटींची मांडणी या सर्व गोष्टी शैलीपत्रक ठरविते. ही नियमावली लिहिणे सोपे असते, पण आटोपशीर ठेवणे अवघड असते. पाच-सात वर्षे वापरात असलेल्या पृष्ठाचे शैलीपत्रक बहुधा अनेक हातांनी वाढविलेले असते. त्यात एकच गोष्ट दहा ठिकाणी सांगितलेली आढळते, आणि त्यांपैकी कोणते विधान खरोखर लागू पडते हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. भंडारा शहराचा काही भाग आणि नदीकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. अशा दिवशी जिल्ह्यातील एखादा नागरिक क्षीण जोडणीवर, लहानशा पडद्यावर सूचना वाचू पाहतो. ती सूचना ठळक दिसते की नाही, तिच्या ओळी एकमेकींवर चढतात की काय, आणि कार्यालयातील कर्मचाऱ्याला ती दहा मिनिटांत दुरुस्त करता येते की दोन तास लागतात, हे पुष्कळ अंशी शैलीपत्रकाच्या रचनेवर अवलंबून असते. म्हणून लाघवाची तत्त्वे काय आहेत, त्यांचा लाभ कोठे होतो आणि त्यांची मर्यादा कोठे येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित पृष्ठ उदाहरण म्हणून घेतले आहे. त्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी या सात तालुक्यांच्या सात चौकटी आहेत, वर एक मथळा आहे आणि प्रसंगी दाखवावयाची एक धोक्याची सूचना आहे.

२. शैलीपत्रकाची घटना

वेबपृष्ठाचा मजकूर आणि त्याचे रूप ही निरनिराळी ठेवावीत, हा विचार वेबच्या जन्मानंतर लवकरच पुढे आला. १० ऑक्टोबर १९९४ रोजी हाकोन वीउम ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत असताना या विचाराचा आराखडा प्रसिद्ध केला. पुढे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेली सीएसएस ही भाषा १७ डिसेंबर १९९६ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शिअमने शिफारस म्हणून मान्य केली. तिची दुसरी पायरी मे १९९८ मध्ये आली. त्यानंतर भाषेचे निरनिराळे विभाग स्वतंत्रपणे वाढत गेले.

सीएसएसमधील प्रत्येक नियमाची दोन अंगे असतात. नियम पृष्ठावरील कोणत्या घटकांना लागू आहे हे सांगणारे पहिले अंग म्हणजे निवडक. त्या घटकांचे काय करावयाचे हे सांगणारे दुसरे अंग म्हणजे विधानांचा समूह. प्रत्येक विधानात एक गुणधर्म व त्याचे मूल्य असते. ‘सर्व मथळे निळे’ या वाक्यात ‘सर्व मथळे’ हा निवडक, ‘रंग’ हा गुणधर्म आणि ‘निळा’ हे मूल्य होय. भाषेची घटना एवढीच आहे. तिचे सामर्थ्य मात्र नावातील ‘कॅस्केड’ या शब्दात आहे. पाणी पायरीपायरीने खाली उतरावे तसे नियम वरून खाली उतरतात. एकाच घटकावर अनेक नियम येऊन पडले, तर त्यांतील कोणता टिकावा हे भाषेनेच ठरवून दिले आहे.

३. वारसा : एका बांधीतून दुसऱ्या बांधीत

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. कोहळी समाजाने व मालगुजारांनी बांधविलेल्या तलावांखालची धानाची शेती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कॅस्केडची कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. तलावाचे पाणी एकदा सोडले की ते उताराने वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जाते. प्रत्येक बांधीसाठी तलावापासून वेगळा पाट काढावा लागत नाही. एखाद्या बांधीला पाणी नको असेल, तर तेवढ्यापुरता बांध घालणे पुरते.

शैलीपत्रकातील वारसा हा नेमका असाच चालतो. पृष्ठाच्या सर्वांत बाहेरच्या घटकाला अक्षरवळण, अक्षराचा रंग व ओळींतील अंतर एकदा सांगितले की आतील परिच्छेद, याद्या व कोष्टके यांना ते आपोआप मिळते. तरीही प्रत्यक्षात आढळणाऱ्या शैलीपत्रकांत परिच्छेदासाठी एकदा, यादीसाठी एकदा, कोष्टकासाठी एकदा आणि त्यातील प्रत्येक कोठ्यासाठी पुन्हा एकदा तेच अक्षरवळण लिहिलेले असते. ही सारी विधाने काढून टाकली तरी पृष्ठाचे रूप बदलत नाही. लाघवाची पहिली पायरी ती हीच.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. सर्वच गुणधर्म वारशाने जात नाहीत. अक्षरांशी संबंधित बहुतेक गुणधर्म खाली उतरतात, परंतु समास, किनार, पार्श्वभूमी व चौकटीची रुंदी हे गुणधर्म ज्याच्या त्याच्यापाशीच राहतात. हे योग्यच आहे, कारण पृष्ठाला दिलेली किनार आतील प्रत्येक शब्दाभोवती उमटू लागली तर अनवस्था ओढवेल. शिवाय बटणे, मजकूर भरावयाच्या चौकटी इत्यादी घटकांना ब्राउझर स्वत:चे अक्षरवळण देतो, त्यामुळे वारसा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी ‘अक्षरवळण वारशाने घ्यावे’ असे एकच विधान लिहिले की काम भागते.

ओळींतील अंतराच्या बाबतीत वारशाचा एक बारकावा मराठी पृष्ठांना विशेष बाधतो. समजा, बाहेरच्या घटकात अक्षराचा आकार १६ पिक्सेल आहे आणि ओळींतील अंतर ‘१.६ एम’ असे एककासह दिले आहे. तेव्हा ब्राउझर १६ ला १.६ ने गुणून २५.६ पिक्सेल ही संख्या काढतो व तीच संख्या वारशाने खाली पाठवितो. मथळ्याचा आकार ३२ पिक्सेल असला तरी त्याच्या ओळी २५.६ पिक्सेलच्या अंतरानेच लागतात आणि त्या एकमेकींवर चढतात. रोमन लिपीत हा दोष असतोच, परंतु देवनागरीत तो अधिक जाचक होतो. ‘लाखांदूर’ या शब्दातील ऊकार खालच्या ओळीतील वेलांटीत वा रफारात अडकतो आणि मथळा वाचता येईनासा होतो. हे लक्षात आल्यावर सामान्यत: प्रत्येक मथळ्यासाठी ओळींतील अंतराचे वेगळे विधान लिहिले जाते. सहा पातळ्यांच्या मथळ्यांसाठी अशी सहा विधाने होतात. वस्तुत: मूळ विधानातील एकक काढून नुसता ‘१.६’ हा आकडा ठेवला तर वारशाने संख्या न जाता गुणक जातो. मग ३२ पिक्सेलच्या मथळ्याला आपोआप ५१.२ पिक्सेलचे अंतर मिळते. दोन अक्षरांचे एकक गाळल्याने सहा विधाने वाचतात आणि दोषही नाहीसा होतो.

४. देवनागरीला न लागणारे नियम

न लिहिलेला नियम हा सर्वांत संक्षिप्त नियम होय. इंग्रजी पृष्ठांसाठी तयार केलेली शैलीपत्रके मराठी पृष्ठांसाठी जशीच्या तशी उचलली जातात, तेव्हा त्यांतील कित्येक विधाने निरर्थक वा अपायकारक ठरतात.

मथळ्यातील अक्षरे ‘मोठ्या लिपीत’ करण्याचा गुणधर्म हे पहिले उदाहरण होय. देवनागरीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची अक्षरे नसल्याने त्याचा परिणाम शून्य असतो. दुसरे उदाहरण अक्षरांतील अंतर वाढविण्याचे आहे. रोमन मथळ्यांना ते शोभा देते, पण देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरे सुटी पडल्यासारखी दिसतात. तिसरे उदाहरण तिरप्या अक्षरांचे. पुष्कळशा देवनागरी अक्षरवळणांत तिरपे रूप मुळात घडविलेलेच नसते. अशा वेळी ब्राउझर सरळ अक्षरे यांत्रिकपणे तिरपी करतो आणि ती अवघडल्यासारखी दिसतात. मराठी मजकुरात जोर देण्यासाठी ठळक अक्षर अधिक स्वाभाविक ठरते.

याउलट, मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे एवढी नोंद मूळ दस्तऐवजात केली तर शैलीपत्रकाचे पुष्कळ काम परस्पर होते. मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे हिंदीतील रूढ वळणांहून भिन्न आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी ती प्रमाण मानली आहेत. काही देवनागरी अक्षरवळणांत ही दोन्ही रूपे साठविलेली असतात आणि भाषेची नोंद ‘मराठी’ अशी असेल तर ब्राउझर त्यांतील मराठी रूप आपण होऊन निवडतो. त्यासाठी शैलीपत्रकात एकही ओळ लिहावी लागत नाही. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या यंत्रणेलाही याच नोंदीचा उपयोग होतो. त्यामुळे दृष्टिहीन वाचकाचीही सोय होते.

५. उत्सर्ग आणि अपवाद

उदाहरणादाखल घेतलेल्या पृष्ठावर सात तालुक्यांच्या सात चौकटी आहेत. प्रत्येक चौकटीसाठी आठ विधाने लागतात असे समजू : आतील मोकळी जागा, किनारीची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, पार्श्वभूमी, अक्षराचा आकार, सावली, मजकुराची बाजू आणि किनारीचा रंग. यांपैकी पहिली सात विधाने सर्व चौकटींत एकसारखी आहेत. फक्त रंग तालुक्यागणिक बदलतो. नवशिका लेखक भंडाऱ्याची चौकट लिहितो, तिची नक्कल करून तुमसरची बनवितो आणि हाच क्रम पवनीपर्यंत चालवितो. अशा प्रकारे ५६ विधाने होतात. उद्या कोपऱ्यांची गोलाई बदलावयाची झाली तर सात ठिकाणी हात घालावा लागतो, आणि सहा ठिकाणी बदल होऊन सातवे विसरले जाते.

शास्त्राच्या परिभाषेत सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात व विशेष नियमाला अपवाद. सात सामान्य विधाने ‘चौकट’ या एका वर्गात एकदाच लिहावीत आणि रंगाचे एकेक विधान त्या त्या तालुक्याच्या नावे लिहावे. मग सात अधिक सात मिळून १४ विधाने पुरतात. आकडा चौपटीने खाली आला, हा लाभ दुय्यम आहे. सर्व चौकटी एकाच घरच्या आहेत ही गोष्ट आता शैलीपत्रक वाचूनच कळते, हा खरा लाभ होय.

दोन नियमांत विरोध आला असता कोणता बलवान, याचे उत्तर सीएसएसने ठरवून दिले आहे. एकाच लेखकाच्या दोन विधानांत ज्याचा निवडक अधिक विशिष्ट ते टिकते. विशिष्टतेची गणना तीन स्थानांत होते. घटकाचे एकमेव ओळखनाम सर्वांत बलवान, त्याखालोखाल वर्ग आणि शेवटी घटकाचा प्रकार. शेकडो वर्ग एकत्र आले तरी एका ओळखनामाला ते जिंकू शकत नाहीत. विशिष्टता समान असेल तर नंतर लिहिलेले विधान टिकते. पाणिनीच्या व्यवस्थेशी याचे साम्य लक्षणीय आहे. तेथेही तुल्यबळ नियमांच्या विरोधात पुढचा नियम प्रवृत्त होतो आणि परंपरेने अपवादाला सर्वांत बलवान मानले आहे. या साम्याचे कारण ऐतिहासिक नाही. थोड्या नियमांनी पुष्कळ उदाहरणे साधावयाची असली की सामान्य, विशेष आणि क्रम या तीन कल्पनांचा आधार घेणे भागच पडते.

शैलीपत्रके फुगण्याचे मोठे कारण विशिष्टतेच्या स्पर्धेत सापडते. एका लेखकाने ओळखनामाचा बलवान निवडक वापरला की दुसऱ्याला त्यावर मात करण्यासाठी त्याहून लांब निवडक लिहावा लागतो. तिसरा ‘महत्त्वाचे’ असे चिन्ह विधानापुढे जोडून सर्वांवर मात करतो, आणि चौथ्यालाही तेच चिन्ह जोडावे लागते. यावरील उपाय असा की निवडक शक्य तितके आखूड व शक्य तितके दुर्बळ ठेवावेत, आणि बहुतेक कामे एका वर्गाने भागवावीत. अनेक निवडकांना एकत्र गुंफणारी जी नवी साधने २०२१ च्या सुमारास सर्व प्रमुख ब्राउझरांत आली, त्यांपैकी एका प्रकाराची विशिष्टता जाणूनबुजून शून्य ठेवलेली आहे. मूलभूत नियम त्यात लिहिले तर पुढील कोणताही साधा नियम त्यांना सहज बाजूला सारू शकतो.

६. संक्षिप्त रूपे आणि त्यांतील धोका

कित्येक गुणधर्मांना सीएसएसने संक्षिप्त रूपे दिली आहेत. समासाच्या चार बाजूंसाठी चार विधाने लिहिण्याऐवजी एकाच विधानात चार मूल्ये देता येतात. क्रम घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असतो : वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. तीन मूल्ये दिली तर डावी बाजू उजवीचे मूल्य घेते. दोन दिली तर पहिले वरच्या-खालच्या बाजूंना व दुसरे उजव्या-डाव्या बाजूंना लागते. एकच दिले तर ते चारही बाजूंना लागते. किनार, पार्श्वभूमी, अक्षरवळण यांनाही अशी रूपे आहेत.

परंतु येथे लाघव आणि अर्थ यांत फारकत होण्याचा संभव असतो. संक्षिप्त रूपात जे सांगितले नाही ते पूर्वीचे राहात नाही, ते मूळ स्थितीला जाते. मथळ्यासाठी अक्षरवळणाचे संक्षिप्त रूप वापरून त्यात केवळ आकार व वळणाचे नाव दिले, तर ओळींतील अंतर ब्राउझरच्या सामान्य मूल्यावर परत येते. तिसऱ्या विभागात सांगितलेला ‘१.६’ हा वारसा तेथे खुंटतो. तसेच धोक्याच्या सूचनेला इशाऱ्याचे चित्र पार्श्वभूमी म्हणून दिले असेल आणि पुढे कोणी फक्त रंग बदलण्यासाठी पार्श्वभूमीचे संक्षिप्त रूप लिहिले, तर रंग बदलतो खरा, पण चित्र नाहीसे होते. पुराच्या दिवशी घाईने केलेल्या बदलात अशी चूक सहज होते आणि ती का झाली हे कळत नाही. म्हणून सर्व अंगे ठरवावयाची असतील तेथे संक्षिप्त रूप वापरावे, आणि एकच अंग बदलावयाचे असेल तेथे त्या अंगाचे पूर्ण नाव लिहावे. दुसऱ्या प्रकारात विधान लांबते, पण त्याचा अर्थ नेमका राहतो.

निवडकांच्या समूहालाही असाच एक धोका आहे. स्वल्पविरामाने जोडलेल्या निवडकांपैकी एकही निवडक ब्राउझरला अनाकलनीय वाटला तर तो संपूर्ण नियम टाकून देतो. म्हणून अगदी नवा निवडक जुन्यांच्या पंक्तीत बसवू नये, त्याला स्वतंत्र नियम द्यावा.

७. चल : नाव दिलेली मूल्ये

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया हा नवा जिल्हा निघाला. तेव्हा नकाशे, याद्या, नमुने, पाठ्यपुस्तके अशा किती ठिकाणी एकच वस्तुस्थिती बदलून लिहावी लागली असेल याची कल्पना सहज करता येते. जी गोष्ट अनेक ठिकाणी लिहिलेली असते ती बदलण्याचा खर्च ठिकाणांच्या संख्येने वाढतो. शैलीपत्रकातील रंगांचे असेच आहे. एकच निळा रंग सहा आकडी संकेताने साठ ठिकाणी लिहिलेला असतो.

यावर सीएसएसने चलांची सोय केली. २०१७ पर्यंत ती सर्व प्रमुख ब्राउझरांत आली होती. पृष्ठाच्या मुळाशी ‘मुख्य रंग’ असे नाव देऊन मूल्य एकदा सांगावे आणि इतरत्र त्या नावाचा उल्लेख करावा. ही चले वारशाने उतरतात, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. त्यामुळे पाचव्या विभागातील सात चौकटींची व्यवस्था आणखी सुटसुटीत होते. ‘चौकट’ वर्गात किनार, मथळा व दुवा हे तिन्ही ‘तालुक्याचा रंग’ या चलावर बांधावेत आणि प्रत्येक तालुक्याने फक्त त्या चलाचे मूल्य सांगावे. एका विधानाने तीन जागा रंगतात. रात्रीच्या वेळी गडद पार्श्वभूमी पसंत करणाऱ्या वाचकांसाठी संपूर्ण शैलीपत्रक दुसऱ्यांदा लिहावे लागत नाही, फक्त चलांची मूल्ये पुन्हा सांगितली की पुरते.

देशभरातील जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या सामाईक व्यवस्थेवर उभारली जाऊ लागल्यापासून या विचाराला प्रशासकीय महत्त्वही आले आहे. जेथे अनेक जिल्ह्यांचा सांगाडा एक आणि रूप मात्र ज्याचे त्याचे असते, तेथे सामान्य भाग सामान्य ठेवणे व भिन्नता मोजक्या नावांत बंदिस्त करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

८. मांडणी : गणित ब्राउझरवर सोपविणे

पूर्वी लहान पडदा, मध्यम पडदा, मोठा पडदा यांसाठी रुंदीची निरनिराळी बंधने घालून प्रत्येकाखाली मांडणी पुन्हा लिहीत असत. शैलीपत्रकाचा मोठा भाग त्यातच खर्ची पडे. जाळीच्या मांडणीत आता असे एकच विधान करता येते : ‘प्रत्येक स्तंभ किमान २५६ पिक्सेल रुंद असावा, जितके मावतील तितके बसवावेत, उरलेली जागा सारखी वाटून द्यावी.’ दोन चौकटींतील अंतर १६ पिक्सेल धरले तर ३६० पिक्सेलच्या भ्रमणध्वनीवर एकच स्तंभ मावतो आणि सातही तालुके एकाखाली एक येतात. ७६८ पिक्सेलच्या पडद्यावर दोन स्तंभांना ५२८ पिक्सेल लागतात व तिसऱ्यासह ८०० होतात, म्हणून दोनच बसतात. १२०० पिक्सेलवर चार स्तंभांना १०७२ पिक्सेल पुरतात, सबब वर चार व खाली तीन अशी रचना होते. पडद्याच्या रुंदीचे एकही बंधन लिहावे लागले नाही, आणि उद्या आणखी एखाद्या मापाचा पडदा बाजारात आला तरी नियम बदलावा लागणार नाही.

चौकटींतील अंतरही जाळीलाच सांगता येते. प्रत्येक चौकटीला उजवा समास द्यावयाचा आणि मग शेवटच्या चौकटीचा समास काढण्यासाठी अपवाद लिहावयाचा, ही जुनी पद्धत आता अनावश्यक झाली आहे. ज्या नियमाला लगेच अपवाद जोडावा लागतो तो नियमच बहुधा चुकीच्या जागी असतो.

९. लाघवाची मर्यादा

येथपर्यंतच्या विवेचनावरून अक्षरे वाचविणे हेच ध्येय आहे, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. शैलीपत्रक वाचकाकडे पाठविण्यापूर्वी त्यातील मोकळ्या जागा व टिपा यंत्राने काढता येतात आणि मजकूर दाबून लहान करता येतो. दाबण्याच्या या क्रियेत पुनरावृत्त मजकूर फार चांगला आकसतो. म्हणजे पुनरुक्तीचा भार जोडणीवर पडतो त्याहून अधिक भार ती सांभाळणाऱ्या माणसावर पडतो. म्हणून वर्गांना एकाक्षरी नावे देणे, टिपा गाळणे, एकाच ओळीत सर्व विधाने कोंबणे ही कामे माणसाने करू नयेत, ती यंत्राची आहेत.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. समजा, लाखांदूर तालुक्याच्या चौकटीचा रंग तांबडा ठेवला आहे आणि धोक्याची सूचनाही तांबडीच आहे. दोन्ही ठिकाणी एकच मूल्य आहे असे पाहून उत्साही लेखक दोहोंना एकाच नियमात गुंफतो. एक विधान वाचते. पुढे धोक्याचा रंग नारिंगी करावयाचे ठरते आणि लाखांदूरची चौकटही विनाकारण नारिंगी होते. दोन वस्तू आज सारख्या दिसतात हे त्यांना एका नियमात बांधण्याचे पुरेसे कारण नाही. त्या एकाच कारणाने सारख्या असल्या पाहिजेत. सर्व चौकटींची गोलाई एकाच कारणाने सारखी आहे, म्हणून ती एके ठिकाणी लिहावी. लाखांदूर आणि धोका यांचे साम्य योगायोगाचे आहे, म्हणून ते दोन ठिकाणीच असावे. या दुसऱ्या पुनरुक्तीला दोष मानू नये.

तिसरी गोष्ट टिपांची. सूत्रे जितकी आटोपशीर तितकी त्यांना भाष्याची गरज अधिक, हा सर्वच सूत्रवाङ्मयाचा अनुभव आहे. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायन व पतंजली यांनी विवेचन केले, तर महानुभाव सूत्रपाठाभोवतीही भाष्यांची मोठी परंपरा उभी राहिली. शैलीपत्रकातही एखादे विधान का आहे हे त्याच्या रूपावरून कळत नसेल तर शेजारी एका ओळीची टीप लिहावी. ‘ओळींतील अंतराला एकक देऊ नये, मथळ्यांचे ऊकार अडकतात’ ही टीप पुढच्या कर्मचाऱ्याचा अर्धा दिवस वाचविते.

१०. समारोप

शैलीपत्रक आटोपशीर आहे की नाही हे ठरविण्यासाठी त्याच्या ओळी मोजून फारसे काही साधत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. एक निर्णय बदलला तर किती ठिकाणी हात घालावा लागतो? आणि हात घातला असता, बदलावयाचे नव्हते असे काही बदलते काय? पहिल्याचे उत्तर ‘एका ठिकाणी’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे येत असेल, तर शैलीपत्रक कितीही ओळींचे असो, त्यात लाघव आहे.

जुने शैलीपत्रक सुधारावयाचे असेल तर क्रमही असाच ठेवावा. प्रथम ज्या घटकांचे अस्तित्वच उरलेले नाही त्यांचे नियम काढावेत. मग देवनागरीला न लागणारी विधाने काढावीत. त्यानंतर वारशाने मिळणाऱ्या गोष्टींची पुनरुक्ती दूर करावी, पुढे सामान्य व विशेष यांची वाटणी करावी आणि शेवटी वारंवार येणाऱ्या मूल्यांना नावे द्यावीत. प्रत्येक पायरीनंतर लहान व मोठ्या पडद्यावर पृष्ठ उघडून पाहावे, आणि धोक्याची सूचना प्रत्यक्ष दाखवून तिची परीक्षा घ्यावी. ती वर्षभर झाकलेली असते, त्यामुळे तिच्यातील बिघाड एरवी कोणाच्या नजरेस पडत नाही. वैनगंगेचे पाणी चढू लागल्यावर तो उघडकीस आला तर त्याचा उपयोग नाही.